एका खोकल्याचे मोल

२०२४ च्या दिवाळीत मी मामाच्या गावी गेलो होतो. गाव उमरगा तालुक्यातले. धाराशिव जिल्ह्याच्या पार आग्नेय टोकाला, सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून थोडे आत. वसुबारसेची सकाळ होती. स्वयंपाकघरात चिवड्याची फोडणी चालली होती. वहिनींनी कढीपत्ता टाकला, मागोमाग चिरलेल्या हिरव्या मिरच्या टाकल्या, आणि मराठवाड्यातल्या मिरचीने आपला पराक्रम दाखवला. सबंध घराला ठसका लागला. पोरे खोकत अंगणात पळाली, मीही पदराऐवजी धोतराचा सोगा असता तर तोंडाला लावला असता, अशा अवस्थेत ओसरीवर आलो. दोन मिनिटे खोकून, डोळे पुसून सगळे हसू लागलो. दिवाळी आली ती अशी!

हसत नव्हते ते एकटे दादा. दादा म्हणजे माझे मामेभाऊ. ते ओसरीवर चाकाच्या खुर्चीत बसले होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होते, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. परंतु तोंडातून येत होता तो फक्त एक क्षीण 'ख्, ख्' असा आवाज. भोक पडलेला भाता दाबावा आणि नुसती फुसफूस ऐकू यावी, तसा. मी भांबावून नुसता उभा राहिलो. तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "गॅस बंद कर गं!" मुलीला एवढे सांगून त्या बाहेर आल्या. त्यांनी खुर्चीची चाके अडकवली, पाठ भिंतीला टेकती केली, पुढे गुडघ्यांवर बसून दोन्ही तळहात दादांच्या बरगड्यांखाली, बेंबीच्या वर ठेवले आणि म्हणाल्या, "घ्या श्वास. अजून घ्या. आता खोका!" दादा खोकायला आणि त्यांनी हात आत व वर दाबायला एकच गाठ पडली. खणखणीत खोकला बाहेर पडला. असे तीनदा झाले. दादांनी मान मागे टेकली. वहिनी पदराला हात पुसत पुन्हा फोडणीकडे गेल्या. सगळे मिळून दोन-अडीच मिनिटे लागली असतील.

"घाबरलास काय रे?" दादा मला म्हणाले. "मला खोकला येतो, पण निघत नाही. तो ही काढून देते."

वाचकहो, आपण दिवसातून कितीदा खोकतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. खोकला ही आपल्या लेखी एक कटकट. औषधाच्या बाटलीने घालवून देण्याची गोष्ट. तो दुसऱ्याच्या हातून उसना घ्यावा लागतो, आणि न मिळाला तर माणूस जिवाला मुकतो, हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हते.

दादांची हकिगत थोडक्यात सांगतो. २०१९ च्या फाल्गुनात ते बांधावरच्या चिंचेवर चढले होते. चिंचा झोडपण्याचे दिवस होते. फांदी मोडली आणि ते मानेवर पडले. शुद्ध होती, पण हातपाय आपले नाहीतच असे त्यांना वाटू लागले. शेजारच्या वावरातली माणसे धावली. त्यांनी हाताला नि पायाला धरून त्यांना उचलले, जीपमध्ये बसते केले आणि दवाखाना गाठला. त्या माणसांची माया खरी, पण रीत चुकीची. मान मोडल्याचा संशय असेल तर माणसाला बसवायचे नसते, मान वळवायची नसते. डोके आणि धड एका रेषेत धरून फळीवर वा दारावर निजवूनच न्यायचे असते. मूळ इजेत या उचलण्याने किती भर पडली हे आता कोणी सांगू शकणार नाही. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली होती. खांदे हलतात, कोपर वाकते. बोटे, छाती, पोट आणि पाय यांच्यावर हुकमत राहिली नाही.

आता खोकला म्हणजे काय ते पाहू. खोकला हे तीन टप्प्यांचे काम आहे. प्रथम आपण खोल श्वास घेतो. हे मुख्यतः छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाचे काम. मग स्वरयंत्राचे दार घट्ट मिटते आणि पोटाचे व बरगड्यांमधले स्नायू आतल्या हवेला जोराने आवळतात. हे सारे क्षणाच्या एका अंशात घडते. शेवटी दार एकदम उघडते, हवेचा झोत सुटतो आणि वाटेतला कफ, धूळ, अन्नाचा कण जे असेल ते बाहेर फेकले जाते. निरोगी मोठ्या माणसाच्या खोकल्याचा झोत मिनिटाला ३६० लिटरच्या वेगाहून अधिक असतो. हा झोत २७० च्या खाली गेला की साधी सर्दीसुद्धा छातीत उतरून धोका करू शकते, आणि १६० च्या खाली कफ बाहेर पडणेच मुश्किल होते, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. दम्याच्या रोग्याला फुंकायला देतात त्याच लहानशा नळीवर तो मोजता येतो.

या तीन टप्प्यांचे स्नायू मात्र एकाच ठिकाणाहून हुकूम घेत नाहीत. श्वासपटलाच्या नसा मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या पातळीवरून निघतात. बरगड्यांमधल्या स्नायूंच्या नसा पाठीच्या वरच्या भागातून खालपर्यंत एकेक करून निघतात, आणि पोटाच्या स्नायूंच्या नसा पाठीच्या खालच्या निम्म्या भागातून. म्हणजे मानेत पाचव्या-सहाव्या मणक्याशी घाव बसला तर श्वासपटल बहुधा वाचते. माणूस श्वास घेऊ शकतो. पण खोकल्याला जोर देणारे पोट आणि बरगड्या निकामी होतात. श्वास घेता येतो, पण जोराने सोडता येत नाही. घाव याहून वर, दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याशी असला तर श्वासही गेला. अमेरिकेतले प्रसिद्ध नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडले आणि त्यांची मान अगदी वर मोडली. पडद्यावर आकाशात उडणाऱ्या त्या माणसाला पुढे श्वासासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागला.

मग प्रश्न पडतो की, छातीखाली काहीच कळत नसेल तर दादांना मिरचीचा ठसका कळला कसा? याचे उत्तर फार गमतीचे आहे. श्वासनलिकेतली खाज, जळजळ, कफाची हालचाल यांची वर्दी मेंदूकडे नेणारी नस मज्जारज्जूतून जातच नाही. ती मेंदूच्या बुडापासून थेट निघून मानेतून छातीत उतरते. स्वरयंत्राचे दारही तिच्याच ताब्यात. मान मोडली तरी ही नस शाबूत राहते. आपल्या पावसाळ्यातली उपमा द्यायची तर, गावची तक्रार माळावरच्या वाटेने तहसीलीत वेळेवर पोचते, तहसीलदार हुकूमही ताबडतोब सोडतात, पण हुकूम यायच्या रस्त्यावरचा पूल वाहून गेलेला असतो!

ही केवळ कल्पना नव्हे. मिरचीला तिखटपणा देणारे जे द्रव्य, कॅप्सेसिन, त्याचा अगदी पातळ फवारा हुंगायला देऊन, तो हळूहळू तिखट करत जाऊन, किती तिखटाला माणूस खोकतो हे मोजण्याची एक रीत वैद्यकात आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मानेला इजा झालेल्या लोकांवर ही चाचणी केली. त्यांची खोकल्याची संवेदना धडधाकट माणसांइतकीच जागी असल्याचे आढळले. वहिनींच्या फोडणीने त्या सकाळी आमच्या ओसरीवर हाच प्रयोग केला होता म्हणायचा.

यात आणखी एक मेख आहे. श्वासनलिका आवळणारी आणि कफ सुटायला लावणारी ती नस शाबूत. पण तिला आवर घालणाऱ्या नसा मज्जारज्जूतून येतात, त्या तुटलेल्या. त्यामुळे अशा माणसाच्या श्वासनलिका आवळण्याकडे झुकतात आणि, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, कफही उदंड होतो. म्हणजे कचरा जास्त आणि झाडणारा हात लुळा. तुरीच्या नि सोयाबीनच्या मळणीची धूळ, उसाच्या फडातल्या पाचटाचा धूर, उदबत्ती, फटाके, घरातली विडी, सारे त्याला आपल्यापेक्षा अधिक बाधते.

दादांच्या घरी हे कोणीच सांगितले नव्हते. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयातून त्यांना घरी पाठवले तेव्हा पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलावी हे सांगितले, लघवीची नळी कशी सांभाळावी हे सांगितले. खोकल्याविषयी मात्र चकार शब्द नाही. त्याच वर्षी, थंडीत, दादांना सर्दी झाली. छातीत घरघर वाजू लागली. पुतण्या दुकानातून खोकल्याची बाटली घेऊन आला. ती होती खोकला दाबणारी! ज्याचा खोकला आधीच मुका, त्याला तो गप्प करण्याचे औषध. दोन दिवसांनी दादा झोपाळल्यासारखे झाले, ओठ काळसर दिसू लागले. ताप फारसा नव्हता, म्हणून कोणाला गांभीर्य वाटले नाही. मग मध्यरात्री सोलापूरकडे धाव. फुप्फुसाचा एक भाग कफाने गच्च बंद झाला होता. एकोणीस दिवस तिथे काढले, त्यांतले सहा यंत्रावर.

"तिथं एक व्यायाम शिकवणारी पोरगी होती, भाऊजी," वहिनी मला सांगत होत्या. "माझ्या लेकीएवढी असंल. तिनं माझे हात धरून ह्यांच्या पोटावर ठेवले अन् म्हणली, ताई, आता ह्यांचं पोट म्हणजे तुमचे हात. ते मी कधी विसरले नाही."

मज्जारज्जूच्या इजेचा इतिहास पाहिला तर या वाक्याचे मोल कळते. हजारो वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन वैद्यकीय पोथीत मानेचा मणका निखळून हातपाय गेलेल्या माणसाचे वर्णन आहे, आणि शेवटी निवाडा दिला आहे की, हा रोग उपचार करण्याजोगा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यापर्यंत जगाने जवळजवळ तेच मानले. असे रोगी बहुधा पाठीच्या जखमा नि मूत्रमार्गाचा दोष यांनी काही आठवड्यांत वा महिन्यांत जात. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी जखमी सैनिकांसाठी खास विभाग काढला आणि हा निवाडा फिरवला. दर काही तासांनी कूस बदलणे, स्वच्छता, व्यायाम आणि खेळ यांवर त्यांचा भर होता. १९४८ साली त्यांनी चाकाच्या खुर्चीवरच्या रोग्यांचे सामने भरवले. त्यांतूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले.

त्या पॅरालिंपिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले ते आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या एका जवानाने. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, कमरेखाली अधू झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्यात अव्वल आले. अशा जवानांसाठी १९७४ साली पुण्याजवळ खडकीला पुनर्वसन केंद्र निघाले. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर अधूपण आले. त्यांनी १९८४ साली अपंगांसाठी संस्था उभी केली आणि आपली कहाणी 'चाकाची खुर्ची' या पुस्तकात सांगितली. आमच्या भागाला तर याचा धडा फार कठोरपणे मिळाला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर गाव गाढ झोपेत असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (त्या वेळचे उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांत दगडमातीच्या भिंती आणि माळवदे निजलेल्यांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. जी वाचली त्यांत मोडक्या हाडांची आणि मणक्यांची माणसेही होती.

आज पाठीच्या जखमा आणि मूत्रमार्गाचे दोष यांवर पुष्कळ ताबा आला आहे. म्हणूनच आता मज्जारज्जूच्या रोग्यांच्या मृत्यूच्या कारणांत श्वसनाचे विकार, आणि त्यांतही न्यूमोनिया, अगदी पुढे आहेत. तरीही त्यांतले पुष्कळसे टाळता येण्याजोगे असते. दादांच्या घरी मी जे पाहिले ते इथे मांडतो. ज्यांच्या घरी असा रोगी असेल त्यांनी ते आपल्या डॉक्टरांकडून वा व्यायामोपचार करणाऱ्यांकडून प्रत्यक्ष हात धरून शिकावे. वाचून करू नये.

पहिली गोष्ट, हाताने दिलेला खोकला. तळहाताची जागा बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली; छातीच्या हाडाच्या टोकावर कदापि नाही. रोग्याचा श्वास आणि आपला दाब यांचा ताल जमला पाहिजे. जेवणानंतर लगेच नको. बरगडी मोडलेली असताना वा मणका अजून सांधलेला नसताना डॉक्टरांच्या परवानगीवाचून नको. दादांना हे सकाळी उठल्यावर आणि रात्री निजण्याआधी होते. छाती भरली तर आणखी.

दुसरी, खोल श्वासाचा व्यायाम. जितकी हवा आत, तितका खोकला बाहेर. तीन रंगीत गोळ्यांचे एक प्लॅस्टिकचे यंत्र मिळते. नळीतून हवा ओढून गोळ्या वर चढवायच्या. दादा रोज नातवाशी पैज लावून त्या चढवतात. काही जण बेडकासारखे गालांत हवा घेऊन घोट घोट फुप्फुसात ढकलायला शिकतात. ही युक्ती १९५१ साली पोलिओच्या रोग्यांच्या बाबतीत प्रथम नोंदली गेली. फुगा दाबून हवा आत भरणे, किंवा हवा आत सोडून झटक्यात ओढून घेणारे खोकल्याचे यंत्र, हेही उपाय आहेत. यंत्र महाग पडते.

तिसरी, बसणे-निजणे. आपल्याला दम लागला की आपण उठून बसतो. मानेला इजा झालेल्याला पुष्कळदा आडवे निजल्यावर श्वास सोपा जातो. कारण बसल्यावर सैल पोट पुढे लोंबते, श्वासपटल खाली जाते आणि त्याची ओढ कमी पडते. म्हणून दिवसा खुर्चीत बसताना दादांच्या पोटाला रुंद पट्टा बांधतात. तो पट्टा नुसता कपडा नव्हे, ते उसने स्नायूच आहेत.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. कूस बदलत राहणे. डॉक्टर अडवत नसतील तितके पाणी, म्हणजे कफ पातळ राहतो. घरात विडी-सिगारेट बंद. दर वर्षी फ्लूची लस, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोनियाची. खोकला दाबणारे औषध विचारल्याखेरीज नाही. आणि एक इशारा: ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये. आवाज बारीक होणे, वाक्य मध्येच तुटणे, गुंगी येणे, कफाचा रंग बदलणे, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हे सर्व मला समजले, पटले. तरी खरी गोष्ट अजून कळायची होती. धनत्रयोदशीच्या रात्री मी सहज विचारले, "वहिनी, यंदा भाऊबिजेला परंड्याला जाणार का?" त्यांचे माहेर परंड्याचे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. वहिनी काही बोलल्या नाहीत. दादाच म्हणाले, "पाच भाऊबिजा झाल्या, ती गेली नाही. रात्री मला खोकला कोण काढून देणार? भाऊ बिचारा इकडंच येऊन ओवाळून घेतो. गेल्या वर्षी तो आजारी होता. तोही आला नाही."

मी गप्प झालो. आम्ही पुण्याहून येणारे नातलग. दर दिवाळीला फराळाचा डबा आणत होतो, पैशांचे पाकीटही देत होतो. चार दिवस राहून 'वहिनींची सेवा पाहण्यासारखी' म्हणून निघून जात होतो. त्या सेवेतला एक दिवस आपल्या हातांनी उचलावा, हे आम्हा कोणाला सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी शिकू लागलो. दादांचा सोळा वर्षांचा पुतण्याही माझ्याबरोबर बसला. पहिल्या दिवशी माझा दाब उशिरा पडे. "तू खोकला संपल्यावर ढकलतोस!" दादा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी भीतभीत हलकाच हात लावला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कणीक मळायची नाही, पण गोंजारायचंही नाही." पाडव्याच्या संध्याकाळी ताल जमला. दादांचा खोकला माझ्या हातांखालून निघाला तेव्हा मला कधी परीक्षेत झाला नाही असा आनंद झाला. वहिनींनी माझ्याकडून आणि पुतण्याकडून प्रत्येकी चारदा करून घेतले आणि मगच पिशवी भरायला घेतली.

भाऊबिजेच्या सकाळी त्या गेल्या. रात्री दहाला फोन आला, "काढला का कफ?" काढला होता. मध्यरात्री दोनच्या सुमारास दादांनी हाक मारली. गावात उडालेल्या फटाक्यांचा धूर खाली बसला होता. छातीत बारीक घरघर होती. मी एकदा केले, जमले नाही. हात थरथरत होते. "घाई करू नकोस," दादाच मला धीर देत होते. पुतण्याने कंदील नव्हे, मोबाइलचा उजेड धरला. दुसऱ्यांदा कफ सुटला. तिसऱ्यांदा छाती मोकळी झाली. दादा लगेच झोपले. मी मात्र पहाटेपर्यंत त्यांचा श्वास ऐकत बसलो. वहिनींनी अशा किती रात्री काढल्या असतील याचा अंदाज मला त्या एका रात्रीत आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी परतल्या. भावाने दिलेले लुगडे त्यांनी दादांना दाखवले. दादांनी ते निरखून पाहिले आणि म्हणाले, "रंग चांगला आहे. पुढच्या वर्षी दोन रात्री राहा."

यंदाही मी जाणार आहे. पुतण्या आता माझ्यापेक्षा चांगला खोकला काढतो. शेजारच्या एका मुलालाही त्याने शिकवले आहे. आपल्या नात्यात, आळीत, गावात असे कोणी असेल, तर या दिवाळीत फराळाच्या डब्याबरोबर आपले दोन हातही घेऊन जा. शिकायला तीन-चार दिवस पुरतात. त्या घरातल्या एका बाईला एखादी रात्र माहेरी निजता येईल.